जाहिरातीतले जाहिर आणि बातिन

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. भाषेच्या तासाला मुलांना जाहिरात तयार करायला शिकवावे लागते. छत्र्यांची जाहिरात, सायकलींची जाहिरात, ग्रंथप्रदर्शनाची जाहिरात. मुले चौकट आखतात, ठळक अक्षरे काढतात, 'त्वरा करा' लिहितात, कोपऱ्यात सवलतीचा आकडा टाकतात आणि गुण मिळवतात. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, इश्तिहारमध्ये खोटं लिहिलं तर मार्क कापले जातात का?" वर्ग हसला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनातून गेला नाही. त्या प्रश्नाच्या नादाने आम्ही जाहिराती वाचू लागलो आणि वाचता वाचता जुन्या अमेरिकन मासिकांपर्यंत जाऊन पोहोचलो.

मुंबईच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'लाईफ'चे काही अंक मिळाले. बाकीचे पाहिले ते ग्रंथालयांनी संगणकावर खुल्या केलेल्या संग्रहांतून. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९११ ते १९५५ या काळातील सात हजारांहून अधिक जाहिराती अशा खुल्या केल्या आहेत. जुनी मासिके आणि त्यांतल्या चित्रमय जाहिराती जमवणाऱ्यांची मोठी जमात त्या देशात आहे. कोणी फक्त मोटारींच्या जमवतो, कोणी साबणाच्या, कोणी एकाच चित्रकाराच्या. हा छंद काय जपतो आणि त्याच्या हातून काय सुटते, याविषयी चार गोष्टी येथे मांडायच्या आहेत.

आधी शब्दांकडे पाहू. 'मॅगझिन' हा शब्द इंग्रजीत गेला तो अरबी 'मखजन'पासून. मखजन म्हणजे कोठार. १७३१ साली लंडनला 'जंटलमन्स मॅगझिन' निघाले, तेव्हापासून तो नियतकालिकाला लागला. लाहोरला १९०१ साली शेख अब्दुल कादिर यांनी आपल्या उर्दू मासिकाचे नाव 'मखजन' ठेवले, तेव्हा जणू शब्द आपल्या घरी परत आला. आणि आपली मराठी 'जाहिरात'? तीही अरबी 'जाहिर'पासूनच. जाहिर म्हणजे उघड, दिसणारे. त्याच्या विरुद्ध बातिन, म्हणजे आतले, झाकलेले. तेव्हा जाहिरातीचे जाहिर पाहून थांबायचे की बातिनही पाहायचे, हा प्रश्न आमच्या भाषेनेच आमच्यापुढे ठेवला आहे असे आम्ही समजतो.

अमेरिकन मासिकाच्या कोठारात जाहिरात एवढी भरली ती पैशाच्या गणितामुळे. १८९३ साली फ्रँक मन्सी याने आपल्या मासिकाची किंमत पंचवीस सेंटवरून दहा सेंटवर आणली. एवढ्या किमतीत खर्च निघणार नव्हता. तो जाहिरातदाराकडून काढायचा, हा नवा हिशेब होता. फिलाडेल्फियाच्या सायरस कर्टिसने 'लेडीज होम जर्नल' याच वाटेने वाढवले. १८९७ साली डबघाईला आलेले 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' त्याने अवघ्या एक हजार डॉलरला विकत घेतले आणि ते लाखोंच्या खपाचे साप्ताहिक केले. वाचकाला मजकूर विकायचा आणि जाहिरातदाराला वाचक विकायचा, असा हा दुहेरी धंदा होता. त्यातही कोणी इमान राखले नाही असे नाही. 'लेडीज होम जर्नल'चा संपादक एडवर्ड बोक याने १८९२ पासून सर्वरोगहारी पेटंट औषधांच्या जाहिराती घेणे बंद केले. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला निदान एका संपादकाने 'होय, मार्क कापले जातात' असे उत्तर दिले होते.

पैसा आला तसे चित्रकारही आले, आणि ते किरकोळ नव्हते. जे. सी. लायंडेकरने १९०५ पासून 'अ‍ॅरो' कंपनीच्या कॉलरसाठी एक देखणा तरुण रंगवला. तो कागदावरचा माणूस होता, तरी त्याला प्रेमपत्रे येत. नॉर्मन रॉकवेलचे पहिले मुखपृष्ठ 'पोस्ट'वर आले २० मे १९१६ रोजी, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. १९६३ पर्यंत त्याने 'पोस्ट'साठी तीनशेहून अधिक मुखपृष्ठे केली आणि शिवाय जाहिरातीही रंगवल्या. हॅडन सन्डब्लॉमने १९३१ पासून कोका-कोलासाठी सांताक्लॉज काढला. लाल कोटातला तो गुबगुबीत म्हातारा त्याने शोधला नव्हता, पण त्याचे तेच रूप जगभर रुजले ते या जाहिरातींमुळे. या चित्रांतले हात, कापडाच्या चुण्या, दिव्याचा पिवळा उजेड पाहिला की कोणी ही पाने का जमवतो ते समजते. आज ज्याला चित्र म्हणून दाद द्यावी, ते तेव्हा दहा सेंटच्या अंकात किराणा सामानाबरोबर घरात येत होते.

मग दूरचित्रवाणी आली. जाहिरातदार तिकडे वळले आणि ही प्रचंड साप्ताहिके एकामागून एक कोसळली. 'कॉलिअर्स' १९५७ मध्ये, 'पोस्ट'चे जुने रूप १९६९ मध्ये, 'लूक' १९७१ मध्ये आणि साप्ताहिक 'लाईफ' १९७२ मध्ये बंद झाले. जे घराघरांत होते ते माळ्यावर आणि तळघरात गेले. तेथून ते संग्राहकाच्या हाती आले.

या संग्राहकांत दोन पंथ आहेत. एक अख्खा अंक जपतो. स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदातले आम्ल कागदाला आतून पिवळा आणि ठिसूळ करते, म्हणून हे लोक आम्लमुक्त पुठ्ठा आणि पारदर्शक पाकिटे वापरतात, दमट जागा टाळतात. दुसरा पंथ सुऱ्या चालवतो. अंक उसवायचा, जाहिरातीचे पान कापायचे, चौकटीत बसवायचे आणि विकायचे. एका अंकाची पाने सुटी विकली तर अख्ख्या अंकापेक्षा जास्त पैसे येऊ शकतात, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते. गंमत अशी की याच्या नेमके उलटे पाप अनेक ग्रंथालयांनी केले. अंकांची बांधणी करताना त्यांनी मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने फाडून टाकली. एकाने मजकूर ठेवला आणि जाहिरात फेकली, दुसऱ्याने जाहिरात ठेवली आणि मजकूर फेकला. दोघांनीही शेजार मोडला.

शेजार मोडला की अर्थ मोडतो, असे आम्हांला वाटते. जाहिरात एकटी बोलत नाही. शेजारच्या कथेशी, बातमीशी, फोटोशी तिचे बोलणे चाललेले असते. १९२० च्या दशकात लिस्टरीन या जंतुनाशक द्रवाच्या जाहिरातींनी तोंडाच्या दुर्गंधीला वैद्यकशास्त्रातले एक विस्मृतीत गेलेले नाव चिकटवले आणि लग्न न जमलेल्या देखण्या मुलीची करुण गोष्ट त्याखाली छापली. मासिकात हे पान प्रेमकथांच्या सोबतीने वाचले जाई. वाचणारीला एक गोष्ट संपून दुसरी सुरू झाल्यासारखे वाटावे, अशीच ती रचना. सुटे पान भिंतीवर लावले की विनोद उरतो, भीती दिसत नाही. रोलंड मार्चंड या इतिहासकाराने १९२० ते १९४० या काळातील अमेरिकन जाहिरातींवर १९८५ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की जाहिरात समाजाचा आरसा असली तरी तो वाकडा आरसा आहे. आम्ही त्यात एवढेच जोडू की वाकडा आरसा कोठे वाकला आहे हे कळायला समोरचा माणूसही दिसावा लागतो. तो माणूस त्याच अंकाच्या दुसऱ्या पानावर असतो.

हे सगळे आपल्यापासून दूरचे आहे असेही समजू नये. अमेरिकेतली जे. वॉल्टर थॉम्प्सन ही जाहिरात संस्था १९२९ मध्ये मुंबईत आली. चित्रपट तारकांनी लक्स साबणाची तारीफ करायची, ही तिने अमेरिकेत रुळवलेली रीत. १९४१ साली आपल्या लीला चिटणीस त्या साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या अंकांची वाट आपल्या दाराशीही येते ती अशी.

आता ज्या पानापाशी आम्ही थांबलो, त्या पानाकडे येतो. 'क्रीम ऑफ व्हीट' हा गव्हाच्या रव्याचा नाश्ता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याच्या पूर्ण पानी रंगीत जाहिराती नामांकित चित्रकारांनी केल्या आणि संग्राहकांत त्यांना फार मागणी आहे. बहुतेकांत एक हसरा काळा स्वयंपाकी असतो. १९२१ च्या एका जाहिरातीत त्याच्या हाती पाटी आहे. पाटीवरचे इंग्रजी मुद्दाम मोडकेतोडके आहे. जीवनसत्त्वे म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नाही, ते किडे असतील तर आपल्या रव्यात ते नाहीत, असा त्याचा आशय. गोरी गृहिणी हसेल आणि डबा घेईल, हा हिशेब.

आम्ही शिक्षक. आमची नजर त्या पाटीवर खिळली. चित्रकाराने पदार्थाची वाफ सुंदर काढली आहे, माणसाचे हसू सुंदर काढले आहे आणि त्याच कौशल्याने त्याच्या हाती निरक्षरता दिली आहे. ज्या समाजाला शाळेच्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले, त्याच्याच हाती चुकीची पाटी देऊन हसायचे! वाचकहो, ही पाटी आपल्याला अगदीच अनोळखी आहे काय? आपल्या मराठी नाटकांत आणि चित्रपटांत मुसलमान पात्र कितीदा मोडकी मराठी बोलण्यापुरतेच आले आहे, ते आठवून पाहा. घरात दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसाला भाषा येत नाही म्हणून हसणे, हा जगातला जुना धंदा आहे.

याच बातिनाचे दुसरे टोक म्हणजे नाश्त्याच्या पिठावरची 'आँट जमायमा'. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन या पूर्वी गुलाम असलेल्या स्त्रीने तिची भूमिका केली आणि पुढे हसतमुख दाई म्हणून तिचे चित्र मासिकांतून घरोघर गेले. हे नाव मागे घ्यायची घोषणा झाली २०२० मध्ये आणि नवे नाव आले २०२१ मध्ये. 'क्रीम ऑफ व्हीट'च्या डब्यावरचा स्वयंपाकीही २०२० मध्येच हटवण्याचे ठरले. एक चूक उतरायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

आणि मजकुरात काय होते? रॉकवेलने पुढे एका मुलाखतीत सांगितले की 'पोस्ट'च्या धोरणानुसार काळा माणूस नोकराच्या भूमिकेतच दाखवता येई. १९६३ मध्ये त्याने 'पोस्ट' सोडले. १४ जानेवारी १९६४ च्या 'लूक'मध्ये त्याचे जे चित्र आले, त्यात सहा वर्षांची रूबी ब्रिजेस शाळेत चालली आहे. १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांच्या शाळेत गेलेली ही मुलगी. पुढे दोन, मागे दोन सरकारी अधिकारी आहेत, त्यांचे चेहरे चौकटीबाहेर. भिंतीवर शिवी आणि फेकलेल्या टोमॅटोचा डाग. मुलीच्या हाती वह्या आणि पट्टी. १९२१ ची ती पाटी आणि १९६४ ची ही पट्टी शेजारी ठेवून पाहावी. जाहिरातीच्या चित्रकलेत मुरलेल्या हातानेच अखेर काळ्या मुलीच्या हाती खरे शालेय साहित्य दिले. फक्त जाहिरातींची पाने कापणाऱ्या संग्राहकाच्या चौकटीत ही पट्टी कधीच येणार नाही.

शेजाराचा आणखी एक दाखला. १९३७ च्या जानेवारीत ओहायो नदीला पूर आला. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी लुईव्हिल शहरात टिपलेला फोटो 'लाईफ'ने फेब्रुवारीत छापला. मदतीसाठी पिशव्या आणि बादल्या घेऊन काळी माणसे रांगेत उभी आहेत. त्यांच्या मागे भव्य जाहिरात फलक आहे. मोटारीत बसलेले हसरे गोरे कुटुंब, सोबत कुत्रा, आणि जगातले सर्वांत उंच राहणीमान अमेरिकेचे असल्याचा दावा. जाहिरात तीच, पण समोर माणसे उभी राहिल्याबरोबर ती खोटी पडली. याच बर्क-व्हाइट पुढे हिंदुस्थानात आल्या आणि फाळणीतल्या निर्वासितांचे काफिले त्यांनी 'लाईफ'साठी टिपले.

आता आपल्या नावांकडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत तुर्की तंबाखूच्या सिगारेटींची चलती होती. त्यांची नावे ऐका: फातिमा, मक्का, हसन, उमर, मुराद. 'फातिमा'च्या पाकिटावर अर्धा चेहरा झाकलेली स्त्री. या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची चित्रपत्रे मिळत, 'मक्का'ची १९११ ची, 'हसन'ची १९१२ ची, 'फातिमा'ची १९१३ ची, आणि आज ती संग्राहकांच्या जिवाची आहेत. १९१३ साली 'कॅमल' निघाली. पाकिटावर उंट, पिरॅमिड, खजूर, मागच्या बाजूला मिनार. तंबाखू उस्मानी मुलखातून येई, तेव्हा नावांना व्यापाराचा थोडा आधार होता, हे मान्य करू. पण जे नाव उच्चारताना आमच्या घरात आवाज आपोआप खाली येतो, प्रेषितांच्या लाडक्या लेकीचे ते नाव राखेच्या थाळीशेजारी पाहून आम्हांला कसे वाटले, ते लिहून सांगण्याची गरज नाही.

तरी आमची तक्रार केवळ भावना दुखावल्याची नाही. भावनेपाशी थांबलो तर बातिन सुटते. १९४२ साली अहमद हसन नावाच्या येमेनी माणसाने अमेरिकेचे नागरिकत्व मागितले. मिशिगनच्या फेडरल न्यायालयाने ते नाकारले. अरब 'गोरा' ठरत नाही, असे कारण झाले आणि त्याचा मुसलमान धर्मही त्या निकालात विरोधात मोजला गेला. दोनच वर्षांनी, १९४४ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने मोहम्मद मोहरीझ या अरबाला नागरिकत्व दिले, हेही नोंदवले पाहिजे. पण तीस वर्षांपूर्वी 'हसन' हे नाव पाकिटावर चालत होते आणि माणसाच्या अंगावर चालले नाही, ही हकीकत उरतेच. नाव हवे, माणूस नको. या जाहिरातींचे मर्म आम्हांला या चार शब्दांत सापडते.

मग ही पाने जाळायची का? नाही. डेव्हिड पिलग्रिम हे काळे समाजशास्त्रज्ञ. लहानपणी त्यांनी काळ्या माणसाची टवाळी करणारी एक वस्तू विकत घेतली आणि फोडून टाकली. मोठेपणी त्यांनी अशाच वस्तू हजारोंनी जमवल्या आणि मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठाला दिल्या. तेथे आज त्यांचे जिम क्रो संग्रहालय आहे. द्वेषाच्या वस्तूंनी सहिष्णुता शिकवायची, हे त्याचे ध्येय. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शल्यविशारद रॉबर्ट जॅकलर यांनी सिगारेटींच्या जाहिराती जमवल्या. १९४६ पासून 'कॅमल'च्या जाहिराती सांगत की डॉक्टर मंडळी हीच सिगारेट जास्त ओढतात. पांढऱ्या कोटातला तो हसरा डॉक्टर चित्र म्हणून उत्तम आहे, म्हणूनच तो घातक होता. जॅकलरांच्या संग्रहात तो पुरावा म्हणून उभा आहे. फोडून टाकण्यापासून जमवण्यापर्यंत पिलग्रिम यांचा जो प्रवास झाला, त्याला आम्ही खरी समीक्षा म्हणतो.

आणखी एक मखजन आहे. १९४५ साली शिकागोत जॉन जॉन्सन यांनी काळ्या वाचकांसाठी 'एबनी' काढले. खप होता, पण मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती मिळेनात. अल्पसंख्याकांचे नियतकालिक चालवणाऱ्याला हे दुखणे सांगावे लागत नाही. वार्षिकांक काढताना जाहिरातीसाठी दारोदार फिरणारे आमचे संपादक हे वाचून हसतील. जॉन्सन यांनी झेनिथ रेडिओ कंपनीच्या प्रमुखाची भेट मिळवली, जाहिरात मिळवली आणि वाट उघडली. पुढे 'एबनी'च्या जाहिरातींत काळी कुटुंबे जेवताना, गाडी घेताना, मुलांना शिकवताना दिसू लागली. त्याही जाहिरातीच होत्या, त्याही माल विकत होत्या. पण त्यांत कोणाच्या हाती चुकीची पाटी नव्हती. २०१९ साली 'एबनी'चा छायाचित्रसंग्रह काही प्रतिष्ठानांनी मिळून तीन कोटी डॉलरना घेतला, तो जनतेसाठी राखण्याकरता.

तेव्हा संग्राहकाला आमचे सांगणे एवढेच: सुरी खाली ठेवा. देखणे पान देखण्या नजरेने जरूर पाहा, पण अंक अख्खा ठेवा. त्यात कोण आहे याबरोबर कोण नाही, आणि जो आहे तो कोणत्या भूमिकेत आहे, हे पाहा.

यंदा आम्ही वर्गात क्रम बदलला. जाहिरात लिहिण्याआधी एक जाहिरात वाचायची. पाटीची ती जाहिरात आणि रूबीचे चित्र फळ्यावर शेजारी लावले आणि गप्प राहिलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलाने उठून विचारले, "सर, ही पाटी त्याने स्वतः लिहिली की दुसऱ्याने लिहून त्याच्या हातात दिली?"

मागच्या मुलीचे मार्क आम्ही तेव्हा सांगू शकलो नव्हतो. या मुलाला मात्र सांगितले, "बेटा, सगळा धडा याच प्रश्नात आहे. वहीत लिहून घे."